सात गोळ्यांचा हिशेब

मार्च १९०९. लंडनहून निघालेला चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी मुंबईला उतरला. लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाउस म्हणून हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं, तिथल्या मुदपाकखान्यात तो काम करी. त्याच्या सामानात एक पेटी होती आणि त्या पेटीला दोन तळ होते. दोन तळांमधल्या पोकळीत वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि त्यांची काडतुसं होती. विनायक दामोदर सावरकरांनी ती पॅरिसहून मिळवून धाडली होती.

ही हकिगत आपल्याकडे सावरकरांच्या चरित्रात येते आणि तिथे ती शोभतेही. मी ती वाचतो तेव्हा माझं मन मात्र त्या पेटीपाशी अडकतं. चोरकप्पा किती खोल असणार? चार बोटं, फार तर पाच. त्याहून खोल केला तर पेटी बाहेरून मोठी नि आतून उथळ दिसते, आणि जकात तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. एवढ्याशा फटीत वीस हत्यारं काडतुसांसकट मावली, कारण ती चपटी होती. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हाच उद्योग कुणी केला असता तर त्याला रिव्हॉल्व्हर न्यावी लागली असती, आणि रिव्हॉल्व्हरचं पोट काही केल्या लपत नाही.

हे पोट सॅम्युअल कोल्टने दिलेलं. १८३६ मध्ये त्याने अमेरिकेत फिरत्या चक्राचं पेटंट घेतलं. चक्रात खोबणी, एकेका खोबणीत एकेक बार. घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं आणि पुढचा बार नळीसमोर येतो. त्याआधीचं पिस्तूल म्हणजे एक बार काढायचा आणि मग पळायचं किंवा तलवार उपसायची. कोल्टच्या चक्राने माणसाला पाच-सहा संधी दिल्या. १८४७ मध्ये त्याने घोडदळासाठी काढलेल्या वॉकर रिव्हॉल्व्हरचं वजन सुमारे दोन किलो होतं. ती कमरेला लावायची नाही, घोड्याच्या खोगिराला लटकवायची. पुढे आकार उतरत गेला, नळ्या आखूड झाल्या, पण चक्र ते चक्रच राहिलं. कोटाच्या खिशात रिव्हॉल्व्हर घातली की खिसा पेरूसारखा फुगतो. एखाद्या मोठ्या साहेबाच्या मेजवानीला फुगलेल्या खिशाने जाता येत नाही.

हा फुगवटा ज्याने सपाट केला तो जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म १८५५, गाव अमेरिकेतल्या यूटा प्रांतातलं ऑग्डन. घराणं मॉर्मन पंथाचं. बापाला तीन बायका आणि बावीस मुलं. बाप बंदुकांचा कारागीर. पोराच्या हाती खेळणी म्हणून कानस आणि हातोडीच आली असावी. ब्राउनिंगचा स्वभाव कागदावर रेघोट्या ओढत बसणाऱ्या इंजिनियराचा नव्हता. तो डोक्यात यंत्र जुळवी आणि थेट पोलाद कापायला घेई.

त्याची एक गोष्ट मला आवडते. १८८९ च्या सुमारास ऑग्डनच्या माळावर नेमबाजी चालली होती. एकाने बंदूक झाडली आणि नळीच्या तोंडासमोरचं उंच गवत सपकन आडवं झालं. ते गवत सगळ्यांनीच आजवर हजारदा पाहिलेलं. ब्राउनिंगच्या मनात आलं, की गोळी तर निघून गेली. मग गवताला झोडपणारा हा जोर कुणाचा आणि तो फुकट का जातो? त्या वाया जाणाऱ्या वायूवर त्याने मशिनगन चालवून दाखवली. पिस्तुलात त्याने गवत लववणारा वायू नाही वापरला, धक्का वापरला. गोळी पुढे सुटते तेव्हा काडतुसाची पुंगळी तितक्याच जिद्दीने मागे ढकलली जाते. हा धक्का आजवर नेमबाजाचा खांदा नाहीतर मनगट सोसत असे. ब्राउनिंगने तो एका सरकत्या पोलादी तुकड्याला सोसायला लावला. तुकडा मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर उडवतो, आतली कमान आवळतो. मग कमान त्याला पुढे ढकलते आणि पुढे जाता जाता तो मुठीतल्या पेटीतून नवं काडतूस उचलून नळीत बसवतो. माणसाने फक्त चाप ओढायचा. काडतुसं चक्रात गोल न बसता मुठीत एकावर एक, चपात्यांच्या चळतीसारखी बसतात. पोट गेलं ते असं.

हे आधी का जमलं नाही, याचं उत्तर दारूत आहे. काळी दारू जळताना इतकी काजळी धरते की असली नाजूक यंत्रणा थोड्या बारांत गच्च व्हावी. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि मग स्वयंचलित पिस्तुलांची झुंबड उडाली. जर्मनीत बोरखार्ट आलं, १८९६ मध्ये माउझर आलं. पण ही दोन्ही जनावरं मोठी. माउझरचं लाकडी म्यानच बंदुकीच्या दस्त्यासारखं मागे जोडता येई, यावरून कल्पना यावी.

ब्राउनिंगचं छोटं पिस्तूल युरोपात पोचलं ते सायकलींमुळे. बेल्जियममध्ये लिएज शहराला लागून हर्स्टाल गाव आहे. तिथला फाब्रिक नासिओनाल हा कारखाना १८८९ मध्ये निघाला तो बेल्जियन सैन्यासाठी दीड लाख माउझर रायफली बनवायला. ती मागणी पुरी झाली आणि यंत्रं बसून राहिली. मग कारखान्याने सायकली करायचं मनावर घेतलं आणि हार्ट बर्ग नावाच्या आपल्या माणसाला १८९७ मध्ये सायकलींचे कारखाने पाहायला अमेरिकेत हार्टफर्डला पाठवलं. हार्टफर्ड हे कोल्ट कंपनीचं गाव. तिथे बर्गची गाठ ब्राउनिंगशी पडली. सायकल पाहायला गेलेला माणूस पिस्तूल घेऊन परतला. (हाच बर्ग पुढे राइट बंधूंचा युरोपातला प्रतिनिधी झाला. काही माणसांना योग्य वेळी योग्य दारात उभं राहायची कलाच अवगत असते.) त्याच साली करार झाला, १८९९ मध्ये माल निघू लागला, आणि पुढच्या वर्षी बेल्जियन सैन्याने ते पिस्तूल स्वीकारलं. म्हणून त्याचं नाव मॉडेल १९००.

वीतभरही लांबी नाही, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि मुठीत सात काडतुसं. काडतूस ७.६५ मिलिमीटरचं, खास याच पिस्तुलासाठी ब्राउनिंगने घडवलेलं. आज आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या पिस्तुलाला ‘बत्तीस बोअर’ म्हणतात, ते हेच काडतूस. नेहमीच्या रचनेत नळीखाली किंवा नळीभोवती असणारी कमान या पिस्तुलात नळीच्या वर, वेगळ्या बोगद्यात बसवली आहे. म्हणून समोरून पाहिलं तर एकावर एक दोन भोकं असल्यासारखं वाटतं. मुठीच्या दोन बाजूंना काळ्या रबराच्या पट्ट्या, आणि त्यांवर उठावात कोरलेलं चित्र: त्याच पिस्तुलाचं. हातात धरलेल्या वस्तूवर तिचंच चित्र काढावं, हा कारखानदाराचा गर्व म्हणा किंवा भोळेपणा. एका अंगाला ‘ब्राउनिंगचं पेटंट’ अशी अक्षरं. ही अक्षरं इतकी फिरली की फ्रेंचांच्या आणि रशियनांच्या तोंडी ब्राउनिंग हा शब्दच पिस्तुलाला पर्याय म्हणून बसला. आपल्या भाषेनेही असंच केलं होतं, फार आधी. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले.

असे सुमारे सात लाख नग निघाले. बहुतेक नग पेढीवाल्यांच्या खणात, डॉक्टरांच्या बॅगेत, अधिकाऱ्यांच्या कमरेला गंजून गेले असतील. इतिहासाने उचलले ते मोजकेच.

१६ जून १९०४, हेलसिंकी. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि गव्हर्नर-जनरल निकोलाय बॉब्रिकॉव्ह फिन लोकांचे हक्क एकेक करून काढून घेत होता. सिनेटच्या इमारतीत तो जिना चढत असताना ऑयगेन शाउमान नावाचा सरकारी कारकून समोर आला. तीन गोळ्या बॉब्रिकॉव्हवर, मग दोन स्वतःच्या छातीत. शाउमान जागीच गेला. बॉब्रिकॉव्हच्या छातीवर पदकांची रांग होती. दोन गोळ्या पदकांवर आपटून वाकड्या गेल्या, तिसरी पोटात शिरली आणि त्याच रात्री तो मेला. (पदकं म्हणजे अगदीच निरुपयोगी असतात असं नाही. २२ जुलै १९३१ रोजी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या वाचनालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडली, तेव्हा साहेबाचा जीव खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणाने वाचवला.) जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ कादंबरी ज्या एका दिवसात घडते तो दिवस हाच, आणि बॉब्रिकॉव्हचा उल्लेख तिच्यात येऊन जातो.

शाउमानच्या कृत्यात मला हिशेब दिसतो. मुठीत सात आहेत. किती त्याला, किती मला, हे घरून ठरवून आलेला तो माणूस. कारकूनच होता शेवटी.

पाच वर्षांनी, १९०९ च्या अवघ्या सहा महिन्यांत, ब्राउनिंगच्या रचनेची पिस्तुलं तीन ठिकाणी वाजली. पहिल्यांदा लंडनमध्ये. १ जुलैला साउथ केन्सिंग्टनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी स्नेहसंमेलन होतं. तिथे मदनलाल धिंग्राने कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. मधे पडलेले डॉक्टर लालकाका हे पारशी गृहस्थही गेले. धिंग्राच्या हातातलं पिस्तूल कोल्ट कंपनीचं स्वयंचलित. अमेरिकेतल्या विक्रीचे हक्क ब्राउनिंगने कोल्टला दिले होते, तेव्हा नाव कोल्टचं आणि डोकं ब्राउनिंगचं. धिंग्रा कित्येक आठवडे टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या जागेत जाऊन सराव करत होता, आणि त्या दिवशी संध्याकाळीही तिथे जाऊन आला होता. वायली पडल्यावर त्याने पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. नुसताच खट्ट आवाज आला. हिशेब चुकला होता. १७ ऑगस्टला त्याला पेंटनव्हिलच्या तुरुंगात फाशी झाली.

दुसरी जागा हार्बिन, मांचुरियातलं रेल्वे स्टेशन. २६ ऑक्टोबर. कोरिया गिळण्याच्या जपानी राजकारणातला सगळ्यांत वजनदार माणूस, चार वेळा पंतप्रधान झालेला इतो हिरोबुमी, गाडीतून उतरून रशियन सैनिकांची मानवंदना स्वीकारत होता. आन जुंग-गुन हा कोरियन रांगेमागून पुढे झाला. तीन गोळ्या इतोला. पण आनने इतोला आधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. आपण नेमका तोच टिपला की दुसरा कुणी, अशी शंका आली म्हणून शेजारच्या जपानी अधिकाऱ्यांवरही त्याने गोळ्या झाडल्या. पकडला तेव्हा एक गोळी पिस्तुलात शिल्लक होती. अर्ध्या तासात इतो गेला. आनला पुढच्या मार्चमध्ये फाशी झाली. कोरियात आज तो राष्ट्रवीर आहे. इतोचं चित्र कित्येक वर्षं जपानच्या हजार येनच्या नोटेवर होतं.

तिसरी जागा नाशिक.

अमीनची पेटी मुंबईत पोचली त्याच्या थोडेच दिवस आधी विनायकरावांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकर यांना नाशिकमध्ये अटक झाली होती. गुन्हा कवितांचा, जूनमध्ये शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. तो खटला पुढे पाठवणारा कलेक्टर म्हणजे ए. एम. टी. जॅक्सन. हा माणूस सरळसोट खलनायक म्हणून रंगवता येत नाही, ही या प्रकरणातली अडचण आहे. संस्कृतचा अभ्यासक, म्हणून लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. कोकणातल्या आणि गुजरातेतल्या भुताखेतांच्या, देवदेवस्कीच्या, नवसासायासांच्या समजुती त्याने गोळा करवल्या होत्या. मराठी नाटकांचीही त्याला आवड होती. बढतीवर बदली झाली, तेव्हा नाशिककरांनी निरोपाला नाटकच ठेवलं.

२१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटर. किर्लोस्कर नाटक मंडळी, जिच्यात तेव्हा बालगंधर्व होते, आणि नाटक देवलांचं ‘संगीत शारदा’. पैशासाठी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायच्या चालीवरचं, दहा वर्षं गाजत असलेलं. प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांवर, बाकीचे मागे दाटीवाटीने. दिव्यांचा झगमगाट. आणि प्रेक्षकांत अनंत लक्ष्मण कान्हेरे बसलेला: रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा, औरंगाबादेत शिकणारा, अठराच्या घरातला मुलगा. अमीनच्या पेटीतल्या वीस पिस्तुलांपैकी एक त्याच्या अंगावर होतं. तो चुकलाच तर पुढे व्हायला कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे होते.

बारा वर्षांपूर्वी पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला मारलं ते गणेशखिंडीच्या रस्त्यावर, रात्री, धावत्या बग्गीच्या मागून. अंधार, आडोसा आणि पळायला वाट. नाशिकचं सगळं उलटं होतं. भरलेलं थिएटर, उजेड, आणि बाहेर पडायला शेकडो माणसांतून वाट काढावी लागणार. अशा जागी आधी माणसाने आत तर शिरलं पाहिजे, शेजाऱ्याला संशय न येता खुर्चीवर बसलं पाहिजे, वाट पाहिली पाहिजे. अंगावर फुगवटा दिसता कामा नये. ऑग्डनच्या कारागिराने सैन्यांना आणि सभ्य गृहस्थांना विकायला म्हणून जे सपाट केलं, त्याचा खरा उपयोग इथे होता. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायची हिंदी माणसाला बंदी होती. वीस ब्राउनिंग म्हणजे त्या काळी एका अख्ख्या गटाची शस्त्रपेटी.

जॅक्सन आला आणि आपल्या खुर्चीकडे निघाला. कान्हेरे उठला. पहिली गोळी चुकली. पुढच्या गोळ्या समोरासमोर, हाताच्या अंतरावरून गेल्या आणि जॅक्सन तिथेच कोसळला. इथेही हिशेबात शेवट स्वतःसाठी राखलेला होता, पण लोकांनी झडप घालून कान्हेरेला पकडलं. नाटक त्या रात्री झालं नाही.

पोलीस पिस्तुलावरून पेटीकडे आणि पेटीवरून अमीनकडे पोचले. अमीन माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सावरकरांना लंडनमध्ये मार्चमध्येच पकडलं होतं. नाशिक कटाच्या खटल्यात डिसेंबरमध्ये एक जन्मठेप, आणि वीस पिस्तुलं धाडून जॅक्सनच्या खुनाला मदत केली म्हणून १९११ च्या जानेवारीत दुसरी. पेटीच्या तळातल्या चार बोटं जागेची किंमत दोन्ही जन्मठेपा मिळून पन्नास वर्षं पडली. जॅक्सनने जमवलेली टिपणं एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याने संपादित केली आणि १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा खंड छापून निघाला. ज्या मुलाने त्याला मारलं त्याच्या आजी-पणजीच्या तोंडच्या गोष्टी त्यात असतील, हे जॅक्सनलाही गमतीचं वाटलं असतं की काय, कोण जाणे.

हर्स्टालला यातलं काही जाणवलं असेल असं दिसत नाही. तिकडे धंदा जोरात होता. १९१४ च्या सुरुवातीला दहा लाखावं ब्राउनिंग पिस्तूल निघालं म्हणून कारखान्याने समारंभ केला आणि ब्राउनिंगला बेल्जियमच्या राजाचा किताब मिळाला. पाच महिन्यांनी, २८ जूनला, सारायेव्होत गावरीलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज आणि त्याची पत्नी यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. ते पिस्तूलही हर्स्टालचंच. कित्येक पुस्तकांत ते मॉडेल १९०० असल्याचं छापतात, पण होतं ते नंतरचं, मॉडेल १९१०. त्या दोन गोळ्यांतून महायुद्ध पेटलं, आणि जर्मन फौजांनी बेल्जियममध्ये शिरून पहिला घाव घातला तो लिएजवर. ऑगस्टमध्ये कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. कारखान्याची गोळी फिरून कारखान्यालाच लागली, असं म्हणायचा मोह होतो. पण युद्धं इतकी सोपी नसतात आणि प्रिन्सिपला दुसरं कुठलंही पिस्तूल मिळालं असतंच.

आपल्याकडे ब्राउनिंगच्या रचनेची साथ पुढेही सुटली नाही. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात चंद्रशेखर आझाद शेवटपर्यंत लढले ते ज्या कोल्ट पिस्तुलाने, तेही ब्राउनिंगचंच अपत्य. ते आज तिथल्या संग्रहालयात आहे. आझादांनी शेवटची गोळी स्वतःसाठी ठेवली आणि ती चुकली नाही.

ब्राउनिंग स्वतः गेला तो हर्स्टालमध्येच, २६ नोव्हेंबर १९२६ रोजी, कारखान्यात कामावर असताना हृदय बंद पडून. वय एकाहत्तर. मुलगा व्हाल तिथेच होता. टेबलावर एका नव्या पिस्तुलाचं काम अर्धं राहिलेलं होतं. कारखान्यातल्या द्यूदोने सेव्हने ते पुढे नेलं आणि १९३५ मध्ये ते ‘हाय-पॉवर’ या नावाने बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात त्याची एक आवृत्ती कॅनडात निघाली. तिच्याच नमुन्यावर स्वतंत्र भारतात, कलकत्त्याजवळ इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत, आपल्या सैन्यासाठी ‘पिस्टल ऑटो ९ एमएम १ए’ बनू लागलं. त्याच्या मुठीत तेरा गोळ्या मावतात.